महिला टेनिसमधली कारकीर्द: ५२ आठवड्यांचं गणित

प्रश्न असा आहे: मुलगी १३ वर्षांची आहे, वयोगटाच्या स्पर्धा जिंकते, रोज तीन-चार तास कोर्टवर असते आणि तिला व्यावसायिक खेळाडूच व्हायचंय. कितव्या वर्षी कुठवर पोचायला हवं, यावर पोट भरतं का आणि शाळा सोडावी का, हे तिच्या पालकांना जाणून घ्यायचंय. मी महिला खेळाडूंबरोबर प्रवासी प्रशिक्षक म्हणून फिरते. त्यात ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉत, म्हणजे पात्रता फेऱ्यांनंतरच्या मूळ स्पर्धेत, खेळणाऱ्या मुली होत्या आणि क्रमवारीच्या पहिल्या गुणासाठी झगडणाऱ्याही. त्या अनुभवावरून लिहिते.

शाळेचं आधी उरकते. सोडू नका. वेळापत्रक सैल करा, बाहेरून परीक्षा द्या, पण दार बंद करू नका. कारण पुढे येईलच.

आता मूळ मुद्दा. बाहेरून बघणाऱ्याला टेनिसची कारकीर्द ट्रॉफ्यांची दिसते. आतल्या माणसाला ती गुणांची दिसते, आणि ते गुण ५२ आठवडेच जिवंत असतात. डब्ल्यूटीएची, म्हणजे महिला टेनिस संघटनेची, क्रमवारी १९७५ पासून संगणकावर निघते, त्या वेळची पहिली अव्वल खेळाडू ख्रिस एव्हर्ट. तेव्हापासून हिशेबाच्या पद्धती बदलत आल्या. आज एकेरीत मागच्या ५२ आठवड्यांतल्या जास्तीत जास्त १८ स्पर्धांचे गुण धरतात. मागच्या वर्षी ज्या आठवड्यात तुम्ही स्पर्धा जिंकलात, त्याच सुमारास या वर्षी ते गुण खात्यातून जातात. तेवढेच पुन्हा मिळवले तर तुम्ही आहात तिथेच राहता. गळक्या रांजणात पाणी भरत राहण्याचा हा धंदा आहे. प्रशिक्षक निवडणं, दुखापत लपवणं, मूल कधी होऊ द्यायचं, दुहेरी खेळायची की नाही, हे सगळे निर्णय शेवटी या गळतीपाशी येऊन थांबतात.

ब्रिटनच्या एम्मा रादुकानूचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचा दुसरा अर्धा भाग कमी लोक सांगतात. २०२१ च्या यूएस ओपनला ती १५० व्या क्रमांकावर होती. पात्रता फेरीचे तीन आणि मुख्य ड्रॉचे सात असे दहा सामने तिने एकही सेट न गमावता जिंकले. विजेतेपदाचे २००० आणि पात्रतेचे ४०, असे २०४० गुण एका स्पर्धेत मिळाले. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत ती पहिल्या फेरीत हरली, आणि ११ वरून थेट ८३ वर आली. त्या एका वर्षात तिचं टेनिस काही ७२ क्रमांकांनी बिघडलं नव्हतं. क्रमवारी बघताना हे लक्षात ठेवावं, नाहीतर पालक घाबरून प्रशिक्षक बदलतात.

गुण येतात कुठून? तळाशी आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, स्पर्धा. डब्ल्यू १५, डब्ल्यू ३५, डब्ल्यू ५०, डब्ल्यू ७५ आणि डब्ल्यू १००. नावातला आकडा म्हणजे विजेतीला मिळणारे गुण. त्याच्या वर डब्ल्यूटीए १२५, २५०, ५०० आणि १०००, आणि सगळ्यात वर चार ग्रँड स्लॅम. क्रमवारीत नाव यायला तीन स्पर्धांत गुण मिळवावे लागतात किंवा एकूण किमान १० गुण. हे ऐकायला किरकोळ वाटतं. डब्ल्यू १५ मध्ये पहिली फेरी जिंकली की मिळतो एक गुण. पहिल्या फेरीत हरलात तर शून्य. आणि त्या पहिल्या फेरीत समोर कधी १६ वर्षांची निर्भीड पोर असते, तर कधी २६ वर्षांची, एकेकाळी दोनशेत असलेली आणि दुखापतीनंतर परतलेली बाई. ज्युनियरमध्ये ज्या फटक्यावर गुण मिळायचा तो फटका ती बाई तिसऱ्यांदा परत पाठवते. पहिल्या वर्षी मुली रडतात ते बहुतेक याच स्तरावर.

शंभराव्या क्रमांकाला अलीकडे साधारण ७०० गुण लागतात. १८ ने भागा. म्हणजे मोजल्या जाणाऱ्या प्रत्येक स्पर्धेत डब्ल्यू ३५ जिंकण्याहून थोडी अधिक कमाई हवी. उलट ग्रँड स्लॅमची पात्रता पार करून मुख्य ड्रॉच्या पहिल्याच फेरीत हरलेल्या मुलीला ४० अधिक १० असे ५० गुण मिळतात, म्हणजे डब्ल्यू ५० जिंकल्याइतके. म्हणून दोनशेच्या आतली खेळाडू पुढे सरकत जाते आणि चारशेतली तीच मेहनत करून तिथेच फिरत राहते. वर जाण्याचा रस्ता वरच्या स्पर्धांतूनच जातो, आणि वरच्या स्पर्धांत शिरायला आधी वर असावं लागतं.

हा तिढा सोडवणं म्हणजेच वेळापत्रक आखणं, आणि माझ्या मते प्रशिक्षकाचं निम्मं काम तेच आहे. स्पर्धेच्या प्रवेशयाद्या काही आठवडे आधीच्या क्रमवारीवर लागतात, ग्रँड स्लॅमची यादी साधारण सहा आठवडे आधी. म्हणजे ऑगस्टअखेरच्या यूएस ओपनसाठी जुलैच्या मध्यापर्यंत गुण खात्यात हवेत, ऑगस्टमध्ये मिळवलेले त्या स्पर्धेच्या प्रवेशाला उपयोगी नाहीत. मग आपण ठरवतो: मे महिन्यात डब्ल्यू ७५ च्या पात्रतेत जायचं की डब्ल्यू ३५ च्या मुख्य ड्रॉत? माझा कौल बहुतेकदा असा: सामने कमी झाले असतील तर खालची स्पर्धा, खेळ सुरात असेल तर वरची. पालक नेमकं उलट करतात. मुलगी हरत असली की "मोठ्या स्पर्धेत खेळली की अंगात येईल" म्हणून वर पाठवतात, आणि पात्रतेच्या पहिल्या फेरीत हरून ती आठवडाभर हिटिंग पार्टनर शोधत बसते. एकाच गावात लागोपाठ तीन आठवडे स्पर्धा असतील तर तिथे जा. प्रवास एकदाच, कोर्ट तेच, आणि पहिल्या आठवड्यात हरलात तरी सवय होते. सोमवारी क्लेवर, पुढच्या सोमवारी हार्ड कोर्टवर, मध्ये दोन विमानं, असली वेळापत्रकं कागदावर महत्त्वाकांक्षी दिसतात आणि कंबर मोडतात.

वाइल्ड कार्ड (क्रमवारी न बघता आयोजकांनी दिलेला प्रवेश) आणि लकी लूझर (पात्रतेत हरूनही कुणी माघार घेतल्यामुळे मिळालेली जागा) यांवर योजना करू नये, पण दार उघडलं तर तयार मात्र असावं. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये इव्हा लिस लकी लूझर म्हणून शिरली आणि चौथ्या फेरीपर्यंत गेली. त्याच वर्षी फ्रेंच ओपनमध्ये ३६१ व्या क्रमांकाची लोइस बोइसाँ वाइल्ड कार्डवर थेट उपांत्य फेरीत पोचली. आदल्या वर्षी तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला होता.

पैशाकडे येऊ, कारण खरा प्रश्न तोच असतो, फक्त दुसरा विचारला जातो. डब्ल्यू १५ स्पर्धेची एकूण रक्कम १५ हजार डॉलर. एकेरी-दुहेरी मिळून सगळ्यांत वाटल्यावर पहिल्या फेरीत हरलेलीच्या हाती दीडशे डॉलरच्या आसपास येतात, तेही त्या देशाचा कर कापून. विमानाचं तिकीट, आठवड्याचं राहणं, रॅकेटच्या तारा, कपडे धुणं, फिजिओ हे सगळं स्वतःचं. प्रशिक्षक बरोबर असेल तर त्याचं तिकीट आणि मानधनही. दुसऱ्या टोकाला, २०२४ च्या यूएस ओपनमध्ये मुख्य ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्या खेळाडूलाही १ लाख डॉलर मिळाले आणि विजेतीला ३६ लाख. आयटीएफने २०१३ च्या आकडेवारीवरून काढलेला हिशेब अजून उपयोगी आहे: प्रशिक्षकाचा खर्च न धरता बक्षिसातून स्वतःचा खर्च जेमतेम निघतो तो क्रमांक महिलांत २५३ आणि पुरुषांत ३३६. नंतर बक्षिसं वाढली, भाडीही वाढली. पण २५० हा आकडा मी अजूनही धरते, आणि त्याला कारण आहे. ग्रँड स्लॅमच्या १२८ च्या ड्रॉत १०४ जणी थेट जातात, १६ पात्रतेतून आणि ८ वाइल्ड कार्डवर. पात्रतेचा ड्रॉही १२८ चा. त्यामुळे पात्रतेची यादी साधारण २३० ते २५० च्या दरम्यान संपते. ज्या मुलीला वर्षातून चार वेळा त्या यादीत नाव मिळतं तिचं वर्ष निघतं, पात्रतेत हरली तरी. जिचं नाव यादीच्या खाली राहतं तिचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो. आई-बाप, संघटना, एखादा प्रायोजक किंवा लीगचे सामने.

स्त्री-पुरुषांना समान बक्षिसांचा विषय निघतोच, म्हणून थोडक्यात. १९७० मध्ये बिली जीन किंगसह नऊ जणींनी एकेका डॉलरचा करार करून वेगळी चूल मांडली, १९७३ मध्ये डब्ल्यूटीए स्थापन झाली आणि त्याच वर्षी यूएस ओपनने बक्षिसं समान केली. विम्बल्डनला ते करायला २००७ उजाडलं. ग्रँड स्लॅमपुरता तो प्रश्न मिटला आहे. बाकीच्या दौऱ्यावर अजून नाही. स्त्री-पुरुषांच्या एकत्र होणाऱ्या १००० आणि ५०० गुणांच्या स्पर्धांत २०२७ पर्यंत आणि स्वतंत्र स्पर्धांत २०३३ पर्यंत बरोबरी आणायचं डब्ल्यूटीएने जाहीर केलं आहे.

वय. १३ व्या वर्षी ती व्यावसायिक स्पर्धा खेळूच शकत नाही, नियम तसा आहे. १४ पूर्ण झाल्यावर मर्यादित संख्येने खेळता येतात आणि ती मर्यादा १८ व्या वर्षी संपते. हा नियम १९९५ पासून कडक झाला त्याला जेनिफर कॅप्रियाती कारण ठरली. १४ वर्षं पूर्ण व्हायच्या काही आठवडे आधी ती व्यावसायिक झाली, १४ व्या वर्षी फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत गेली, १६ व्या वर्षी बार्सिलोनात ऑलिंपिक सुवर्ण जिंकली आणि १७ व्या वर्षी खेळापासून दूर झाली. परत येऊन २००१ मध्ये तिने ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच ओपन जिंकली, पण मधली वर्षं गेलीच. दुसरीकडे अँजेलिक केर्बरने पहिलं ग्रँड स्लॅम २८ व्या वर्षी जिंकलं, फ्लाव्हिया पेनेट्टाने ३३ व्या वर्षी. तात्याना मारिया २०२५ मध्ये, ३७ व्या वर्षी, दोन मुलींची आई असताना, पात्रतेतून येऊन क्वीन्स क्लबची ५०० गुणांची स्पर्धा जिंकली. तेव्हा "१७ पर्यंत शंभरात नाही म्हणजे संपलं" हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. डॅनिएल कॉलिन्स अमेरिकेतल्या विद्यापीठातून पदवी घेऊन दौऱ्यावर आली आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत खेळली. एम्मा नवारो विद्यापीठ स्तरावरची विजेती, २०२४ च्या यूएस ओपनमध्ये उपांत्य फेरीत. शाळा सोडू नका म्हणाले ते यासाठी. विद्यापीठात प्रशिक्षक, फिजिओ, जिम आणि सामने बहुतेक फुकट मिळतात, १८ ते २२ ही खर्चाची वर्षं तिथे निघतात, आणि शरीरही तेवढ्यात भरतं.

शरीराबद्दल पालक सगळ्यात कमी विचारतात. मुलींमध्ये मनगट, खांदा, कंबरेच्या मणक्याला पडणारी बारीक चीर आणि गुडघा या नेहमीच्या जागा. वाढीच्या वयात सर्व्हिसचे फटके मोजून मारायचे असतात. शंभर मारले म्हणून शाबासकी देणारा प्रशिक्षक मला नको. पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर ते "खेळाडूंचं होतंच" म्हणून सोडून देऊ नये. बहुधा खाणं कमी पडत असतं आणि त्याची किंमत हाडं देतात. डॉक्टरांना दाखवा. २०२२ च्या फ्रेंच ओपनमध्ये झेंग किनवेनने इगा श्वियाँतेककडून हरल्यावर पाळीच्या वेदनांबद्दल उघड सांगितलं, तेव्हा कुठे दौऱ्यावर या विषयावर मोठ्याने बोलणं सुरू झालं. विम्बल्डनने पांढऱ्या स्कर्टखाली गडद रंगाची चड्डी घालायची मुभा २०२३ मध्ये दिली. इतकी साधी गोष्ट, इतक्या उशिरा.

दीर्घ दुखापतीत ५२ आठवड्यांचा नियम निर्दय वाटतो. त्यासाठी विशेष क्रमवारी असते. सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिलेली खेळाडू परतल्यावर ठराविक स्पर्धांत जुन्या क्रमांकाने प्रवेश घेऊ शकते. प्रवेशच मिळतो, गुण परत मिळत नाहीत. बाळंतपणानंतरही हीच सोय आहे, आणि ती आज आहे तितकी बरी नव्हती. २०१८ च्या फ्रेंच ओपनला सेरेना विल्यम्स मुलीच्या जन्मानंतर परतली तेव्हा तिची क्रमवारी ४५१ होती. प्रवेश मिळाला, मानांकन (सीडिंग) मिळालं नाही. त्यानंतर नियम सुधारले, आणि २०२५ पासून डब्ल्यूटीएच्या निधीतून पात्र खेळाडूंना १२ महिन्यांपर्यंत पगारी प्रसूती रजा मिळते. पूर्वी मुली मूल म्हणजे निवृत्ती असं धरून चालायच्या. आता निदान विचार करतात.

औषधांचं एकच सांगते. सर्दीची गोळीसुद्धा यादी बघितल्याशिवाय घेऊ द्यायची नाही. मारिया शारापोव्हाच्या बाबतीत झालं ते हेच: मेल्डोनियम १ जानेवारी २०१६ ला बंदी यादीत गेलं, ती घेत राहिली आणि १५ महिने बाहेर बसली. वरच्या खेळाडूंना तर उत्तेजक चाचणीसाठी रोज एक तास ठरवून आपण कुठे असू हे कळवावं लागतं, आणि वर्षभरात तीनदा चुकलं की तो गुन्हा धरला जातो.

मुलीबरोबर कोण फिरतं, याकडे डोळे उघडे ठेवून बघा. महिला टेनिसमध्ये तरुण खेळाडू आणि वयाने मोठा पुरुष प्रशिक्षक ही जोडी महिनोन् महिने हॉटेलांतून एकत्र राहते. माजी खेळाडू पॅम श्रायव्हरने २०२२ मध्ये प्रशिक्षकाबाबतचा स्वतःचा किशोरवयातला अनुभव जाहीरपणे सांगितला, त्यानंतर दौऱ्यावर या बाबतीत यंत्रणा उभी राहिली. पण खालच्या स्पर्धांत ती यंत्रणा म्हणजे तुम्हीच. खोल्या वेगळ्या, करार लेखी, मसाज फिजिओकडूनच, आणि मुलीला कधीही फोन करता येईल असा प्रशिक्षकाखेरीज दुसरा एक प्रौढ माणूस. चांगल्या प्रशिक्षकाला याचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याबरोबर पाठवू नका.

हरण्याचं काय? ३२ जणींच्या ड्रॉत ३१ हरतात, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा सुरू. श्वियाँतेकने २०२२ मध्ये सलग ३७ सामने जिंकले आणि मग विम्बल्डनच्या तिसऱ्या फेरीत आलिझे कॉर्नेकडून हरली. म्हणजे ज्या मुलीला हार तीन दिवस पुरते तिला हा पेशा झेपत नाही. जिला दोन तास पुरते आणि संध्याकाळी कोर्टवर परत जावंसं वाटतं, तिला झेपतो. फोनचाही बंदोबस्त लागतो. २०२४ मध्ये ४५८ खेळाडूंना उद्देशून सुमारे ८ हजार शिवीगाळीचे संदेश आल्याचं डब्ल्यूटीए आणि आयटीएफच्या पाहणीत दिसलं, त्यातले ४० टक्के पैज हरलेल्यांचे होते. डब्ल्यू १५ च्या सामन्यावरही लोक पैजा लावतात. सामन्यानंतरचा पहिला तास फोन माझ्या पिशवीत असतो. आणि अनोळखी माणसाने "एक सेट सोड" असं सुचवलं, गमतीत म्हटलं तरी, त्याच दिवशी आयटीआयएला, म्हणजे टेनिसमधल्या गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेला, कळवायचं. न कळवणं हाही गुन्हा आहे.

दुहेरीला कमी लेखू नका. सानिया मिर्झा एकेरीत २७ पर्यंत गेली होती. दुखापतींनी मनगट आणि गुडघा पोखरल्यावर २०१३ मध्ये तिने एकेरी सोडली आणि २०१५ मध्ये दुहेरीत अव्वल क्रमांक गाठला, मार्टिना हिंगिसबरोबर त्याच वर्षी विम्बल्डन आणि यूएस ओपन जिंकलं. सुरुवातीच्या वर्षांत तर दुहेरी म्हणजे त्याच तिकिटात जादा सामने आणि हॉटेलचं भाडं.

आणि बाहेर पडण्याची परवानगी घरात पहिल्या दिवसापासून असू द्या. अ‍ॅश बार्टी १५ व्या वर्षी ज्युनियर विम्बल्डन जिंकली, १८ व्या वर्षी कंटाळून बाजूला झाली, क्रिकेट खेळली, परत आली, तीन ग्रँड स्लॅम जिंकली आणि २५ व्या वर्षी, अव्वल असताना, थांबली.

आता तुमच्या १३ वर्षांच्या मुलीकडे मी काय बघेन? ट्रॉफ्या नाही. दुसरी सर्व्हिस बघेन. या वयात ढकललेल्या सर्व्हिसवरही सामने जिंकता येतात, पण तीन वर्षांनी समोरची मुलगी तीच सर्व्हिस आत येऊन फोडते. ती आत्ता फिरक देऊन पूर्ण हात सोडून मारते का, दुहेरी चुका (डबल फॉल्ट) झाल्या तरी? फटका मारल्यावर पाय परत येतात का? २-५ मागे असताना ती तुमच्याकडे बघते की तारा नीट करत पुढच्या गुणाचा विचार करते? तुम्ही शहराबाहेर असताना ती सरावाला जाते का? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल तर खर्च वाढवायची घाई करू नका.

पुढचं वर्ष आयटीएफच्या ज्युनियर स्पर्धांत घालवा, तेही निवडून. १४ पूर्ण झाल्यावर पहिली डब्ल्यू १५ तिच्या आवडत्या पृष्ठभागावर, लागोपाठ आठवडे असलेल्या जागी, पात्रतेतून. नोंदणीसाठी आयपिन, म्हणजे आयटीएफचा खेळाडू क्रमांक, काढावा लागतो. अर्जाची मुदत स्पर्धेच्या अडीच-तीन आठवडे आधी संपते आणि नाव मागे घेण्याची मुदत वेगळी असते. दोन्ही तारखा तिलाच लिहून ठेवायला सांगा, अर्जही तिच्याच हातून होऊ दे.